टेकडीवरचे त्रेसष्ट

शेवट गोड झाला की माणसे मधला घाम सोयीस्करपणे विसरतात, आणि ज्यांच्यामुळे तो घाम फुटला ते तर सर्वांत आधी विसरतात. म्हणून आधीच सांगून टाकलेले बरे की या गोष्टीचा शेवट चांगला झाला. तळ्याकाठचा पट्टा मोकळा राहिला, वहिनी जिवंत आहेत, आणि तीन नगरपालिकांच्या हद्दीत अनेकांचा जीव भांड्यात पडला. पण ते भांडे फुटायला किती थोडे उरले होते, हेही कुठेतरी नोंदवलेले असावे; सरकारी इतिवृत्तात ते नोंदवलेले नाही.

प्रादेशिक नियोजन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे शाई वाळून पंधरा वर्षे झाली, तरी दारावर अजून ‘आरेखन कक्ष’ अशी पाटी आहे. उतरत्या फळ्यांची जुनी टेबले भिंतीला लावून ठेवलेली. दोन टेबलांवर संगणक, तिसऱ्यावर चहाची किटली. खिडकीलगतच्या टेबलाशी नकाशेबाई बसत. एकतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या कल्पनांना कडा काढून दिल्या होत्या. निवृत्तीला पाच वर्षे उरली होती, आणि कार्यालयात त्यांना सगळे ‘ताई’ म्हणत. ज्याचा सल्ला आदराने ऐकून बाजूला ठेवायचा असतो, त्याला असे घरगुती संबोधन फार सोयीचे पडते.

त्यांची एक सवय होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या आरेखकाने ती लावली होती. नकाशा छपाईला सोडण्यापूर्वी त्यात आपल्या ओळखीचे एक माणूस शोधायचे. ते जिथे असायला हवे तिथे सापडले, तर नकाशा खरा; नाही सापडले, तर चूक माणसाची नाही, नकाशाची. कार्यालयातल्या नव्या मंडळींना ही अंधश्रद्धा वाटे. नकाशेबाईंना ती एकमेव शास्त्रीय पद्धत वाटे.

त्या वर्षी कार्यालयाने आपल्या इतिहासातला सर्वांत वजनदार दस्तऐवज तयार केला होता. बदलत्या हवामानात लोकांचे आरोग्य कसे राखावे, याचा वीस वर्षांचा प्रादेशिक आराखडा, एकूण तीन खंड, पाने अकराशे. त्यामागचा विचार उत्तम होता, हे कबूल केले पाहिजे. उन्हाळे दरवर्षी कडक होत चालले होते. ज्या भागात उष्म्याने माणसे जास्त मरतात, तो भाग नकाशावर लाल करायचा. लाल भागाला झाडे, सावली, दवाखाना मिळेल. तिकडे वारा ज्या मोकळ्या जमिनीवरून येतो, तिथे बांधकामाला मनाई होईल. जिथे कोणी मरत नाही तो भाग हिरवा, आणि त्याच्या आसपास काय हवे ते बांधावे. अनर्थ नेहमी वाईट विचारातूनच निघतात असे नाही. पुष्कळदा ते चांगल्या विचाराच्या तळटिपेतून निघतात.

अंतिम छपाईच्या आदल्या बुधवारी नकाशेबाईंनी कामाचा नकाशा उघडला. छापील नकाशात नुसते रंग होते. या नकाशात त्या रंगांखालचे ठिपके होते, गेल्या तीन उन्हाळ्यांत उष्म्याने गेलेल्या एकेका माणसाचा एकेक. त्यांनी ओळखीचे माणूस म्हणून शिंपीकाकांना निवडले. शिंपीकाका म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाचे शेजारी. दोन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी शिवणयंत्रावर डोके टेकून बसले ते उठलेच नाहीत. तळवस्तीतली पंपघराची गल्ली, डावीकडून चौथे दार. तिथे ठिपका असायला हवा होता.

तिथे ठिपका नव्हता. गल्लीत नव्हता, पुढच्या गल्लीत नव्हता. अख्ख्या तळवस्तीत मिळून तीन ठिपके होते. खळग्यात दाटीवाटीने बसलेली, पत्र्यांच्या छपरांची ती वस्ती नकाशावर पालवी फुटल्यासारखी हिरवी दिसत होती. इतकी निरोगी वस्ती नकाशेबाईंनी जन्मात पाहिली नव्हती, आणि त्या तर तिथेच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

लाल होती ती टेकडी. प्रदेशातली सर्वांत थंड, झाडीने झाकलेली जागा, जिच्या माथ्यावर मोठे रुग्णालय होते. तिथे एकच ठिपका होता, पण लठ्ठ. नकाशेबाईंनी तो मोठा करून पाहिला. तो एकच राहिला. मग त्यांनी एकावर एक बसलेले ठिपके सुटे करण्याची आज्ञा दिली, आणि त्या एका ठिपक्यातून त्रेसष्ट ठिपके बाहेर पडून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाच्या दारात उभे राहिले.

शेजारच्या संगणकावर आकडेवाला बसे. चाळिशीचा, सज्जन, पाठदुखीने गांजलेला माणूस.

“अहो, हे त्रेसष्ट जण एकाच दारात कसे?” नकाशेबाईंनी विचारले.

“दवाखान्यात गेले ना ते, ताई. मग तिथेच दिसणार.”

“गेले तिथे. राहत कुठे होते?”

“तो रकाना वेगळा असतो. राहण्याचा पत्ता. हाताने भरलेला, आणि बहुतेक ठिकाणी नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहून ठेवलंय. मृत्यूचं ठिकाण कसं, शिक्का मारलेलं, स्वच्छ. म्हणून मी तेच घेतलं.”

“स्वच्छ म्हणून.”

“मशीनला स्वच्छच लागतं, ताई. घाण टाकली तर घाणच बाहेर येते.”

“आणि आता बाहेर काय आलंय ते बघा,” त्या म्हणाल्या.

त्याने बघितले. बराच वेळ बघितले. मग पाठदुखी विसरून तो सरळ बसला आणि म्हणाला, “अरे देवा.”

‘वरीलप्रमाणे’ लिहिणाऱ्या त्या रुग्णालयाच्या लिपिकाला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. भर उन्हाळ्यात दारात चार गाड्या उभ्या, समोर रडणारी माणसे, एक खिडकी, एक लेखणी. अशा वेळी दुसरा रकाना पहिल्यासारखाच भरून तो मोकळा होत असे. त्याला काय ठाऊक, की त्याच्या एका शब्दाच्या आधारावर अकराशे पाने उभी राहणार आहेत. ती पाने लिहिणाऱ्यांना मात्र ठाऊक असायला हवे होते. त्यासाठीच तर त्यांना शिकवले जाते.

नकाशेबाई साहेबांकडे गेल्या. मुख्य नियोजनकार हा वाईट माणूस नव्हता. त्याचे वाचन चांगले होते, इस्त्री चांगली होती, आणि आठच दिवसांनी, म्हणजे पुढच्या गुरुवारी, आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी होती.

“ताई, आकडे आरोग्य खात्याचे आहेत,” तो म्हणाला. “आपण नियोजन करतो. शवविच्छेदन नाही करत.”

“साहेब, टेकडीवर राहतं कोण?”

“आत्ता नकाशा हलवला तर तिन्ही खंड हलतात.”

“आणि पट्ट्यावर गोदामं उभी राहिली तर?”

“गोदामं हिरव्यात आहेत.”

“हिरवंच चुकलंय, साहेब.”

“मग कोणीतरी हरकत घेऊ दे ना. रीतसर. सोमवारपर्यंत मुदत आहे.”

“मी घेते.”

“तुम्हाला नाही घेता येणार. कर्मचाऱ्याला आपल्याच कार्यालयाविरुद्ध हरकत घेता येत नाही, सेवा नियम आहे तसा.” हे त्याने अगदी मायेने सांगितले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तेव्हा जात्यापाशी असा एखादा प्रेमळ माणूस बहुधा असतोच, आणि त्याला नियम पाठ असतात.

पट्ट्याचा प्रश्न असा होता. तळवस्तीच्या उत्तरेला, तीन फर्लांगांवर, मोठे तळे आहे. पाच वाजले की तळ्यावरून वारा सुटतो, आणि मधल्या मोकळ्या, दलदलीच्या जमिनीवरून सरळ वस्तीत शिरतो. दिवसभर तापलेले पत्रे त्या वाऱ्याने निवतात. ही मोकळी जमीन म्हणजेच तो पट्टा. आता तिथे सात गोदामे येणार होती, प्रत्येक तीन मजले उंच, खांद्याला खांदा लावून. तळे एका नगरपालिकेचे, पट्टा दुसरीचा, तळवस्ती तिसरीची. गोदामे दुसरीला हवी होती, आणि उकडणार होते तिसरीला. वारा हद्द विचारून वाहत नाही. हद्दींना मात्र वारा अडवता येतो. म्हणून तर तिघींच्या डोक्यावर एक प्रादेशिक आराखडा हवा होता, आणि नेमक्या त्या आराखड्यानेच सांगितले होते की तळवस्तीत कोणी मरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी, म्हणजे नकाशेबाईंच्या मोठ्या भावाच्या, दादांच्या पत्नी, मरता मरता वाचल्या होत्या. त्या कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर काम करत. वाफेत उभ्या असतानाच कोसळल्या; अकरा दिवस टेकडीवर पडून होत्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाई नकाशेबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “दुपारचं ऊन टाळता येतं हो. पण संध्याकाळी घर निवलंच नाही, तर या हृदयाला विसावा कधी मिळायचा? अशा घरात यांचा एक उन्हाळा निघेल. दुसऱ्याचं मी नाही सांगू शकत.” दादा पंपघरावर कामाला, घर नोकरीबरोबर मिळालेले, नोकरी अजून चार वर्षांची. हलायचे कुठे आणि कसे? आतापर्यंत तो प्रश्न पडला नव्हता, कारण पाचला वारा येत होता.

शनिवारी दुपारी नकाशेबाई पंपघराच्या गल्लीत पोचल्या, तेव्हा वहिनी ओला पंचा डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या.

“वन्सं, चेहरा का असा? कोणी गेलं की काय?”

“त्रेसष्ट जण.”

“अगं बाई! कुठे?”

“तेच तर सांगायला आलेय. बस आत. दादा, तूही ये.”

त्यांनी सगळे सांगितले. दादा ऐकता ऐकता दोनदा उठून पंपाचा आवाज ऐकून आले. अस्वस्थ झाले की ते पंप ऐकत. वहिनींनी मात्र मध्ये अवाक्षर काढले नाही, आणि हेच काळजीचे होते.

“म्हणजे,” त्या अखेर म्हणाल्या, “मागल्या वर्षी मी गेले असते, तर मीही टेकडीवर लागले असते?”

“हो.”

“ऐकलंत? लग्न झाल्यापासून म्हणतेय, जरा झाडीत घर बघा. मेले असते तर फुकटात मिळालं असतं.”

“काहीतरीच बोलू नकोस,” दादा म्हणाले.

“मी कुठे बोलतेय? सरकार बोलतंय.”

नकाशेबाईंनी पिशवीतून आराखड्याचे दोन खंड काढून जमिनीवर उघडे ठेवले. दोन्ही हरकतींसाठी मसुदा म्हणून प्रसिद्ध झालेले, कोणालाही वाचनालयात पाहता येतील असे. कार्यालयाचा एकही गुप्त कागद त्यांनी घरी आणला नव्हता. पहिल्या खंडात, पान दोनशे चारवर, टेकडीवरचे मृत्यू: त्रेसष्ट. तिसऱ्या खंडात, पान सत्याऐंशीवर, टेकडीवरची लोकवस्ती: एक्केचाळीस. परिचारिकांचे वसतिगृह आणि एका पहारेकऱ्याचे कुटुंब.

दादांनी दोन्ही पानांवर दोन बोटे ठेवली. “एक्केचाळीस माणसांतले त्रेसष्ट मेले?”

“काही जणी दोनदा गेल्या असतील,” वहिनी म्हणाल्या. “डबल ड्युटी असते बिचाऱ्यांना.”

तिघेही हसले. हसू ओसरल्यावर दादा म्हणाले, “पण हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?”

“दोन खंड एकदम कोणी उघडलेच नाहीत, दादा. आरोग्यवाल्यांनी पहिला वाचला, लोकसंख्यावाल्यांनी तिसरा.”

“आणि दुसरा?”

“दुसरा कोणीच नाही.”

पण चूक दाखवणे पुरेसे नव्हते. ही माणसे टेकडीची नाहीत, एवढे सिद्ध झाले, तरी ती तळवस्तीची आहेत हे कशावरून? पत्त्याच्या रकान्यात तर ‘वरीलप्रमाणे’. इथे दादांना वहिनींना टेकडीवर नेणारा रुग्णवाहिकेचा चालक आठवला. त्याला सगळे सायरनभाऊ म्हणत. गेल्या वर्षभरात तो चारदा वहिनींची विचारपूस करून गेला होता. त्याच्या धंद्यात पोचवलेले माणूस परत चालताना दिसणे ही चैन होती.

तासाभरात तो आला, काखेत तीन जाड वह्या घेऊन.

“सरकारी वही आमच्या साहेबांकडे जमा असते,” तो म्हणाला. “ही माझी. एकदा माझ्यावर डिझेल चोरल्याचा आळ आला होता. तेव्हापासून किती वाजता, कुठल्या गल्लीतून, कुठल्या दारातून उचललं, किती किलोमीटर झाले, सगळं लिहितो. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितो.”

नकाशेबाईंनी वही उघडली. तारीख, वेळ, गल्ली, दार, नाव, आणि जे उष्म्याने गेले त्यांच्यापुढे फुली. माणूस कुठे राहत होता याची पर्वा कोणत्याच खात्याला नव्हती. डिझेल कुठे जळले याची होती, आणि म्हणून माणसाचाही पत्ता टिकला होता.

“शिंपीकाका,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वीचे.”

सायरनभाऊने पाने उलटली. “हे बघा. पंपघराची गल्ली, डावं चौथं दार. दोन वाजून दहा मिनिटं.” त्याने त्या ओळीवर बोट ठेवले. “शिवणयंत्राची पट्टी पायात अडकली होती. ती सोडवून उचललं त्यांना.”

मग वहिनींनी पंचा डोक्यावरून काढला, घडी घातली आणि म्हणाल्या, “तुमच्या दादांना सांगा, कागद घ्या. माझ्या नावाने हरकत लिहायची.”

“तुझ्यासमोरच बसलोय की मी,” दादा म्हणाले.

“मग घ्या ना कागद.”

हरकत वहिनींच्या शब्दांत, दादांच्या वळणदार अक्षरात लिहिली गेली. नकाशेबाईंनी फक्त पानांचे क्रमांक घातले, आणि सोमवारी मुदत संपायला दोन तास असताना ती दाखल झाली.

सुनावणीचे सभागृह मोठे होते, आणि त्यातले पंखे हवा ढवळण्यापलीकडे काही करत नव्हते. व्यासपीठावर समितीच्या अध्यक्षा बसल्या होत्या. निवृत्त न्यायाधीश, पासष्टीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पुढच्या रांगेत तिन्ही नगरपालिकांचे प्रमुख. बाजूला आराखड्याचा सल्लागार. त्याने आदल्या महिन्यात पहिल्यांदा हा प्रदेश पाहिला होता, तोही विमानातून. नकाशेबाई कर्मचाऱ्यांच्या रांगेत, साहेबांच्या मागच्या खुर्चीवर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती.

सतरावी हरकत पुकारली गेली. वहिनी उठल्या.

“नाव, पत्ता,” अध्यक्षा म्हणाल्या.

वहिनींनी पत्ता आधी सांगितला: तळवस्ती, पंपघराची गल्ली, डावे पाचवे दार. मग नाव. मग त्यांचा आवाज बसला. घरी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई तीनशे माणसांसमोर मुकी झाली, आणि नकाशेबाईंना वाटले, संपले. बोलायला मिळालेल्या तीन मिनिटांतले एक मिनिट तसेच गेले.

“बाई, पाणी घ्या,” अध्यक्षा म्हणाल्या. “घाई नाही.”

वहिनींनी पाणी घेतले आणि कागद बाजूला ठेवला. “मी इस्त्री करते,” त्या म्हणाल्या. “मला भाषण येत नाही. एकच विचारते. टेकडीवर राहतं कोण?”

सल्लागार उभा राहिला. “उष्म्याच्या मृत्यूंची घनता तिथे सर्वाधिक आहे, हे विश्लेषणातून स्पष्ट—”

“घनता नाही विचारली. राहतं कोण?”

“त्याचा तपशील...” सल्लागाराने मागे पाहिले.

“तिसरा खंड, पान सत्याऐंशी,” वहिनी म्हणाल्या. “एक्केचाळीस माणसं. आणि पहिला खंड, पान दोनशे चार. त्रेसष्ट मेले. सगळ्या नर्सबाई मला ओळखतात, मी अकरा दिवस होते तिथे. सगळ्या धडधाकट आहेत. मग हे त्रेसष्ट कोण?”

अध्यक्षांनी पहिला खंड उघडला. मग तिसरा. दोन्ही शेजारी ठेवले. सभागृहात पानांचा आवाज पसरला. पुढच्या रांगेतले तिघेही पाने शोधू लागले होते, एकाने तर दुसराच खंड धरला होता.

“तुम्हाला ठाऊक आहे हे कोण?” अध्यक्षांनी विचारले.

“चोपन्न जणांचं ठाऊक आहे. यांनी उचललंय त्यांना.” वहिनींनी सायरनभाऊकडे बोट केले, तो वह्या छातीशी धरून उभा राहिला. “सदतीस आमच्या वस्तीतले. बाकीचे सतरा तळ्याच्या पलीकडच्या चाळींतले. नऊ जणांचं नाही ठाऊक. ते दुसऱ्या कोणाच्या गाडीने गेले असतील. जे नाही ठाऊक ते मी सांगणार नाही.”

या शेवटच्या वाक्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. न्यायासनावर जन्म गेलेल्या बाईला असे वाक्य क्वचित ऐकायला मिळत असावे.

तेवढ्यात साहेब उभा राहिला. नकाशेबाई त्याच्या पाठीकडे बघू लागल्या. आता तो आरोग्य खात्याचे नाव घेईल, किंवा वह्या अधिकृत नाहीत असे म्हणेल.

“ही बाब,” तो घसा साफ करत म्हणाला, “आमच्या कार्यालयाच्या लक्षात आली होती.”

“कधी?”

“बुधवारी.”

“आज गुरुवार आहे,” अध्यक्षा म्हणाल्या. “म्हणजे काल?”

साहेबाने नकारार्थी मान हलवली. खोटे बोलायला एक शब्द पुरला असता; तो शब्द त्याने वापरला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. “गेल्या बुधवारी,” तो म्हणाला. “आमच्या आरेखन कक्षातल्या ताईंनी दाखवून दिली. त्यांचं बरोबर आहे. मी तेव्हाच थांबायला हवं होतं.”

अध्यक्षा अर्धा तास उठून आत गेल्या. तो अर्धा तास नकाशेबाईंनी व्हरांड्यातल्या एका खांबाला टेकून काढला. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, आणि दादा आजूबाजूला कुठे पंप नसल्यामुळे नुसतेच फिरत होते.

निकाल छोटा होता. मृत्यूंचा नकाशा राहत्या पत्त्यावरून नव्याने काढावा. तोवर पट्ट्यावर एक वीटही ठेवू नये. नवा नकाशा तळवस्ती लाल ठरवत असेल, तर तळ्यापासून वस्तीपर्यंतची जमीन वाऱ्याचा मार्ग म्हणून राखीव ठेवावी, आणि ते बंधन तिन्ही नगरपालिकांवर सारखेच असेल. गोदामांसाठी दक्षिणेचा रस्त्यालगतचा भाग पाहावा. तिकडून वारा येत नाही, मालच येतो. दुसऱ्या नगरपालिकेचे प्रमुख काहीतरी पुटपुटले. अध्यक्षांनी त्यांना विचारले, दुसरा खंड वाचला आहे का, आणि ते बसले.

बाहेर आल्यावर दादांनी वहिनींचा हात धरला. भर रस्त्यात, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. “सोडा,” वहिनी म्हणाल्या, “लोक बघतायत,” पण हात त्यांनी काढून घेतला नाही. नकाशेबाईंना एकाएकी कडकडून भूक लागली. गेल्या बुधवारपासून आपण धड जेवलोच नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळले.

त्यानंतरचे तीन आठवडे आरेखन कक्षात एक विलक्षण काम चालले. आकडेवाला एकेक ठिपका उचले, सायरनभाऊ वहीतून गल्ली आणि दार वाचे, आणि नकाशेबाई तो ठिपका टेकडीवरून उतरवून त्याच्या घरी नेऊन ठेवत. यंत्राला हे एका आज्ञेत करता आले असते. आकडेवाल्याने तसे सुचवलेही, मग दोन ठिपके हलवल्यावर स्वतःच म्हणाला, “राहू दे ताई, असंच करू.” शिंपीकाका डाव्या चौथ्या दारी आले. विटा वाहणाऱ्या दोघी बहिणी एका दारी आल्या. उरलेल्या नऊ जणांसाठी साहेबाने रुग्णालयाला स्वतः पत्र लिहिले. सात घरे सापडली, दोन नाही. त्या दोन ठिपक्यांशेजारी नकाशेबाईंनी ‘पत्ता अज्ञात’ असे लिहिले आणि साहेबाने त्यावर सही केली. टेकडी हिरवी झाली, कारण ती होतीच हिरवी. तळवस्ती गडद लाल झाली. सगळ्या जगात एवढी समाधानकारक लाली नकाशेबाईंनी पाहिली नव्हती. कार्यालयाच्या अहवालात या सगळ्याला ‘तांत्रिक दुरुस्ती’ म्हटले आहे. अडीच ओळींत.

मंजूर झालेला नकाशा, या वेळी ठिपक्यांसकट, लोकांना पाहायला तळमजल्यावर लावला गेला, त्या दिवशी वहिनी दुपारची सुट्टी घेऊन आल्या. डॉक्टरीणबाईंकडून तपासून आल्या होत्या. ठोके बरे होते. चष्मा लावून त्या नकाशाशी नाक नेऊन उभ्या राहिल्या. तळे सापडले. तळ्यापासून वस्तीपर्यंत आलेला निळ्या रेघांचा रुंद पट्टा सापडला, आणि त्यावर तिन्ही नगरपालिकांचे तीन शिक्के. पंपघर सापडले, गल्ली सापडली.

“आणि मी कुठे आहे यात?”

“तू नाहीस, वहिनी. ज्या घरातलं कोणी गेलं, त्याच घरांचा हिशेब आहे यात.”

वहिनी थोडा वेळ पाचव्या दाराच्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिल्या. मग चष्मा काढून पिशवीत टाकला.

“मग कशाला एवढ्या लांब बोलावलंत वन्सं, मी नसलेलं बघायला?” त्या म्हणाल्या, पण तोंडभर हसत होत्या. “चला, निघते. पाच वाजत आले. कपडे दोरीवर तसेच आहेत, आणि एकदा वारा सुटला की आमच्या गल्लीत चादरी गोळा करत फिरावं लागतं.”